अडतिसावं मत

"परत मोज," मगदूम बाई म्हणाल्या.

मी परत मोजल्या. बिस्किटांच्या रिकाम्या डब्यातून काढलेल्या चिठ्ठ्या टेबलावर दहा-दहाच्या गठ्ठ्यांत मांडल्या. तीन गठ्ठे झाले आणि वर आठ राहिल्या.

"पटावर सदतीस मुलं आहेत. गैरहजर कुणी नाही. मग ही अडतिसावी चिठ्ठी कुणाची?"

बाहेर धुकं होतं. आमची हुंबरवाडी घाटमाथ्याच्या खाली डोंगराला चिकटून बसलेली. शाळा सगळ्यात खाली, घरं तिच्या डोक्यावर उतारानं वर चढत गेलेली. थंडीच्या दिवसांत सकाळी अकरापर्यंत शाळेच्या पायरीवरून अंगणातला झेंड्याचा खांबसुद्धा दिसायचा नाही.

त्याला आता बावीस वर्षं झाली. मी सातवीत होते आणि बालसभेची सरपंच होते. त्या साली ग्रामपंचायतीला शाळेसाठी एकच काम मंजूर झालं होतं, आणि ते कोणतं करायचं हे मुलांनी ठरवावं असं तालुक्याहून आलं होतं. दोन कामं पुढं होती. झऱ्याचं पाणी नळानं शाळेत आणायचं, किंवा शाळेच्या अंगणाला डोंगराच्या बाजूनं उंच भिंत घालायची. ज्यांना लिहिता येत नव्हतं त्या बारक्यांनी नळासाठी थेंब काढायचा आणि भिंतीसाठी चौकोन, असं बाईंनी सांगितलं होतं.

त्या जास्तीच्या चिठ्ठीवर थेंबही नव्हता आणि चौकोनही नव्हता. जुन्या कॅलेंडरच्या कागदाचा तुकडा होता. त्याच्या पाठकोऱ्या बाजूला कोळशानं बारीक बारीक उभ्या रेघा ओढलेल्या होत्या. पुढच्या ओळीत आखूड, मागं मागं उंच होत गेलेल्या. एका बाजूला एक लांब रेघ होती आणि तिच्या टोकाला दोरी लोंबत होती.

"हे आपण हाय," माझ्या खांद्यावरून डोकावत बाळू म्हणाला. तो सहावीत होता. "प्रार्थनेला उभी ऱ्हायलेली. हा झेंड्याचा खांब."

मी रेघा मोजल्या. सदतीस भरल्या.

"पण हे वरनं काढलंय," बाळू हळूच म्हणाला.

बाईंनी कागद घडी करून पर्समध्ये टाकला. "कुणीतरी चेष्टा केली आहे. उद्या पुन्हा मतदान."

त्या दिवशी मधल्या सुट्टीत हिंदुराव आबा शाळेत आले. ते उपसरपंच होते आणि माझ्या जिवलग मैत्रिणीचे, शालनचे वडील. मऊ बोलणारा माणूस. आम्हा सगळ्या पोरांना बाजारातून येताना चिरमुरे आणायचे.

"वैजू, बाळा," ते माझ्याजवळ येऊन बसले. "पाणी काय, आज ना उद्या मिळंल. भिंत घ्या. वरनं एखादा धोंडा सुटून आला, तर केवढ्याला पडंल? माझी पोरगी तुमच्यात हाय. मला झोप लागत न्हाई बघ."

त्यांचे डोळे खरंच झोप नसल्यासारखे लाल होते. मला त्यांची दया आली. उद्या भिंतीला मत घालावं असं मी मनाशी ठरवूनही टाकलं.

दुसऱ्या दिवशी बाईंनी स्वतः चिठ्ठ्या कापल्या, प्रत्येकीवर सही केली आणि एकेकाचं नाव पुकारून हातात दिली. डबा टेबलावर त्यांच्या डोळ्यांसमोर होता. शेवटी मी डबा उघडला आणि मोजायला लागले. मोजताना पोरं माझ्याबरोबर ओठ हलवत होती. छत्तीसला सगळी पुढं सरकली. सदतीसला श्वास धरला.

अडतिसाव्या चिठ्ठीवर सही नव्हती. कागद तोच, कॅलेंडरचा. चित्रही तेच, पण या वेळी त्याच्यावरून आडवा काळा पट्टा ओढला होता. कोळसा इतका दाबून घासला होता की कागद मध्ये फाटला होता. रेघा सगळ्या पट्ट्याखाली गेल्या होत्या. खांबाचं फक्त टोक वर राहिलं होतं.

"मालन," मागून कुणीतरी म्हणालं.

मालन म्हणजे शालनची जुळी बहीण. सहा वर्षांपूर्वी तालुक्याच्या दवाखान्यात ती गेली होती. ओढ्यापलीकडच्या टेकाडावर धोंडे रचून ठेवलेली तिची जागा आम्हा सगळ्यांना ठाऊक होती. दर दिवाळीला आम्ही पोरं तिथं झेंडूची फुलं ठेवून यायचो.

मी शालनकडं बघितलं. ती माझ्या शेजारीच बसली होती. तिचं तोंड पांढरं पडलं होतं. तिनं उजवा हात स्कर्टखाली दाबून धरला होता, पण त्याच्या आधी मला तिच्या बोटांची काळी पेरं दिसली होती.

तिसऱ्या दिवशी धुकं इतकं दाट होतं की बाईंची एसटी घाटात अडकली. आम्हीच पाढे म्हणायला उभे राहिलो. आमचे पाढे डोंगरावर आदळून परत यायचे. विज्ञानाच्या तासाला बाईंनी प्रतिध्वनी शिकवला होता तो याच आवाजावरून.

बाळू माझ्या कानाला लागला. "वैजू, आज मधीच थांबूया का? बघूया तरी."

"काय बघायचं?"

"प्रतिध्वनी बी थांबतोय का ते."

मी हसले. पण हात वर केला की सगळ्यांनी एकदम गप्प व्हायचं, असं पोरांना सांगितलं. तेराचा पाढा सुरू झाला. तेरा पंचे पासष्टला मी हात वर केला. सगळी गप्प झाली.

डोंगरावरून पासष्ट परत आलं. मग शांतता. झाडांवरून दहिवर टपटपत होतं तेवढं ऐकू येत होतं. आणि मग धुक्यातून, आमच्या डोक्यांवरून, एकटा बारीक आवाज आला.

"तेरा सक अठ्ठ्याहत्तर."

पोरं ओरडत पळाली. कुणी वर्गात, कुणी टेबलाखाली. बारकी तर एकमेकांना मिठ्या मारून रडायला लागली. मी पळाले नाही. अंगणात मी आणि शालन दोघीच उरलो. शालन डोळे मिटून उभी होती.

"कोण हाय वर?" मी विचारलं.

"वर बघू नको," ती म्हणाली. "वैजू, तुझ्या पाया पडते. वर बघू नको."

मी पायवाटेनं वर निघाले. आता विचार केला तर वाटतं, ते धाडस वगैरे काही नव्हतं. न बघता खाली उभं राहणं मला जास्त भीतीचं वाटत होतं, एवढंच. शालन थोडं अंतर माझ्यामागं आली, मग वाटेतच बसली आणि गुडघ्यांत तोंड घालून रडायला लागली.

ते चित्र माझ्या डोक्यात पक्कं बसलं होतं. खांब डाव्या हाताला दिसतो आणि ओळी समोर, अशी जागा शोधत मी दोन घरांच्या मागून गेले. तिसरं घर शालनचं. मागच्या बाजूला कळकाचं बेट होतं. त्याच्याआड घराच्या माळ्याची खिडकी होती, तिच्यावर फळ्या ठोकलेल्या. दोन फळ्यांच्या मध्ये चार बोटांची फट. मी फटीखाली जाऊन उभी राहिले आणि खाली वळून बघितलं. तेवढ्यात वाऱ्यानं धुकं जरासं हललं, आणि शाळेचं अंगण जसंच्या तसं कागदावरच्यासारखं दिसलं. अंगणाच्या ह्या बाजूला भिंत आली असती, तर खांबाच्या टोकाशिवाय इथून काहीही दिसलं नसतं.

"वैजू."

आवाज माझ्या डोक्यावरून आला. मी मान वर केली. फटीत एक डोळा होता आणि गालाचा थोडा भाग. तो डोळा शालनचा होता, आणि शालनला तर मी आत्ताच खाली वाटेवर सोडून आले होते.

"तू कशानं आलीस?" तिनं विचारलं.

"पायवाटेनं."

"तसं न्हाई." डोळा माझ्या गुडघ्यांकडं वळला. "पडलीस काय कुठं? लंगडी घालताना तू सारखी पडतीस."

"न्हाई. कुठं पडले न्हाई."

"मग माघारी जा. हितं थांबू नको."

मी वळणारच होते, तेवढ्यात ती म्हणाली, "माझं मत धरलं का?"

"बाईंनी बाजूला ठेवलंय."

"बाजूला म्हंजे?"

"म्हंजे मोजलं. पण धरलं न्हाई."

"हां," ती म्हणाली. जणू तिला ते ठाऊकच होतं. फटीतला डोळा गेला आणि आत फक्त काळोख राहिला.

मी धावत घरी आले. आई भाकऱ्या थापत होती. मी धापा टाकत सगळं सांगितलं. मला वाटलं होतं, ती ओरडेल, नाहीतर माझ्यावरून मीठमोहऱ्या ओवाळून टाकेल. तिचे हात थांबलेसुद्धा नाहीत.

"कुणाकुणाला सांगितलंस?" तिनं विचारलं.

मला तेव्हा कळलं.

"तुला ठाव हाय," मी म्हणाले.

आईनं भाकरी तव्यावर टाकली. "पोरीला फेफरं यायचं. एक दिवस तशीच चुलीत तोंडावर पडली. दवाखान्यातनं वाचली खरी, पण तोंड सगळं होरपळलेलं. हिंदुराव भाऊजींच्या दोन थोरल्या पोरी उद्या लग्नाला येणार. फेफऱ्याचं घर म्हटल्यावर कोण सोयरीक करतंय? भाऊजी देवळात सगळ्यांच्या पुढं पदर पसरल्यागत रडलं. मग सगळ्यांनी मिळून ठरवलं."

"काय ठरवलं?"

"गेली म्हणायचं."

"तू होतीस?"

"सगळीच होतो."

"तिला इचारलंसा?"

आईनं पहिल्यांदा माझ्याकडं बघितलं. ती रागावली नव्हती. मी काय विचारतेय तेच तिला समजलं नव्हतं.

"सहा वर्साच्या पोरीला काय इचारायचं असतंय?" ती म्हणाली.

त्या दुपारी मी सगळ्या पोरांना झऱ्यावर बोलावलं. शाळेचं पाणी आम्हीच तिथून भरून न्यायचो, त्यामुळं कुणाला संशय यायचं कारण नव्हतं. मी जे बघितलं, जे ऐकलं ते सांगितलं. भुताला घाबरलेली पोरं आता सुटकेनं हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही.

"मग त्या धोंड्यांखाली कोण हाय?" बाळूनं विचारलं.

"कोणच न्हाई."

पहिलीतली एक पोर एकदम रडायला लागली. आम्ही फुलं ठेवताना आमचे आईबाप मागं हात जोडून उभे असायचे, ते मला आठवलं.

शालन पाण्याच्या कडेला पाठ करून बसली होती. "थोरलीचं लगीन ठरलंय," ती म्हणाली. "माघात हाय."

"मग चिठ्ठ्या का आणल्यास तू?"

"ती रोज इचारती, आज काय केलं शाळेत. मी मतदान सांगितलं. म्हणाली, मला बी पायजे." ती नाक ओढत म्हणाली, "मी दोन चिठ्ठ्या एकात एक घडी करून टाकल्या."

परवा ग्रामसभा होती. तालुक्याचे साहेब येणार होते आणि मुलांचा निर्णय मला वाचून दाखवायचा होता. मी विचारलं, अडतिसावं मत सांगायचं का? ज्यांना सांगावंसं वाटतं त्यांनी हात वर करा. एकेक करत सगळे हात वर आले, अगदी बारक्यांचेसुद्धा. शालनचा आला नाही.

बाईंनी आम्हाला बहुमत शिकवलं होतं. तरी मी म्हणाले, "शालन न्हाई म्हणाली, तर न्हाई सांगायचं."

कुणी वाद घातला नाही. आम्ही थांबलो. झऱ्याखाली लावलेली घागर भरली, वाहायला लागली, तरी ती कुणी बाजूला घेतली नाही. कितीतरी वेळानं शालननं हात उचलला. खांद्याच्या वर नाही, खांद्याइतकाच. पण उचलला.

ग्रामसभा देवळापुढं भरली. सकाळचे दहा वाजले असतील, पण धुक्यामुळं पहाट असल्यासारखं वाटत होतं. एका अंगाला पुरुष, दुसऱ्या अंगाला बायका, पुढं खुर्चीवर साहेब. आम्ही पोरं पायऱ्यांवर बसलो होतो. माझं नाव पुकारल्यावर मी कागद घेऊन उभी राहिले.

"नळ, एकवीस मतं. भिंत, सोळा. एक मत अजून धरायचं राहिलंय. सगळी मिळून अडतीस."

"सदतीस गं पोरी," सरपंच केरबा नाना हसत म्हणाले.

"अडतीस," मी म्हणाले.

मगदूम बाई शेजारच्या गावच्या. त्यांना काहीच ठाऊक नव्हतं. त्या गोंधळून माझ्याकडं बघत राहिल्या. साहेबांनी पेन उचललं. "अडतिसावं मूल कोण? नाव सांग."

मी हिंदुराव आबांकडं बघितलं. ते माझ्याकडंच बघत होते. त्या नजरेत राग असता तर सोपं गेलं असतं. ते अगदी थोडी, कुणाला दिसणार नाही एवढी मान हलवत होते. नको, नको.

"मालन हिंदुराव चौगले," मी म्हणाले.

साहेबांनी गावाकडं बघितलं. शंभरावर माणसं तिथं बसली होती आणि सगळ्यांच्या माना खाली गेल्या होत्या. आम्ही पोरं मात्र उठून उभी राहिलो आणि वर त्या घराच्या दिशेनं बघत राहिलो. धुक्यात काही दिसत नव्हतं. मी आवाजाची वाट बघत होते. आवाज आला नाही.

"काय प्रकार आहे हा?" साहेब म्हणाले.

तेव्हा बायकांतून शालनची आई उठली. आम्ही तिला काकू म्हणायचो. चारचौघांत तिचा आवाज मी कधी ऐकला नव्हता. तिनं डोक्यावरचा पदर खांद्यावर घेतला आणि पायवाटेनं वर गेली. धुक्यानं तिला गिळून टाकलं. वरून लाकडावर काहीतरी आदळल्याचे आवाज आले. एकदा, दोनदा, खूपदा. मग तेही थांबले. आबा टोपी मांडीवर घेऊन तिचा एक धागा ओढत बसले होते. तो धागा निघतच होता.

धुक्यातून दोघी खाली आल्या. मालननं शालनचा शाळेचा ड्रेस घातला होता. ती हात पुढं धरून, पाय चाचपत चालत होती. सहा वर्षं माळ्याच्या लांबीपलीकडं ती चाललीच नव्हती. डाव्या गालाची कातडी आवळून आली होती, आणि उजवी बाजू हुबेहूब शालन. उजेडानं तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. बसलेल्या माणसांमधून वाट झाली. तिचा पाय ज्याच्या जवळून जाई, तो अंग चोरून घेई.

काकू साहेबांपुढं येऊन उभी राहिली. तिच्या हातांतून रक्त येत होतं. "माझी पोरगी हाय. मालन," ती म्हणाली. "हिचं मत ऱ्हायलंय. घ्या."

साहेबांचं पेन तसंच हातात राहिलं. मग ते खुर्चीवरून उठले. "काय पाहिजे बाळ तुला? नळ की भिंत?"

मालननं आधी आमच्याकडं बघितलं.

"भिंत नको," ती म्हणाली.

नळ त्या उन्हाळ्याच्या आत झाला. थोरलीचं लग्न मोडलं. आबांनी उपसरपंचपद सोडलं आणि वर्षभर ते कुणाशी बोलले नाहीत. पण दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी मालनला एसटीनं दवाखान्यात गोळ्यांना नेणारे तेच होते. मालन शाळेत आली. पाढे तिला सगळे येत होते, अक्षरं मात्र गिरवायला लागली ती पहिलीच्या पोरांबरोबर बसून. शालन वर्षभर माझ्याशी बोलली नाही. आणि माझ्या आईनं त्या विषयावर पुन्हा कधीच तोंड उघडलं नाही. मालन घरावरून जायला लागली की ती आत जाऊन काहीतरी काम काढायची.

गेल्या वर्षी मी गावी गेले होते. मालन आता अंगणवाडीत मदतनीस आहे. दुपारी पोरं गेल्यावर ती सुपात तांदूळ निवडत बसली होती, मी तिच्यासमोर. इतक्या वर्षांत जे विचारायचं धाडस झालं नव्हतं, ते विचारलं.

"वर एकटीला तुला भीती न्हाई वाटायची?"

"मेल्यावर कसली भीती?" ती म्हणाली.

मी हसले. ती हसली नव्हती.

"आबांनी सांगितलं होतं," ती सुपाकडं बघत म्हणाली. "दवाखान्यातनं आणताना गाडीतच. मालन, तू आता गेलीस, बरं का. आता आवाज करायचा न्हाई. मी सहा वर्साची. बाप सांगतोय म्हंजे खरंच असणार की. मला वाटायचं, गेल्यावर असंच असतंय. अंधार, एक फट, आणि खाली सगळी जिती माणसं. आई ताट ठेवून जायची, बोलायची न्हाई. पित्राला ठेवत्यात तसं."

"आणि शालन?"

"ती तर माझीच अर्धी. ती यायचीच."

मीही सुपात हात घालून तांदूळ निवडायला लागले.

"मग चिठ्ठी कशाला धाडलीस?" मी विचारलं.

तिनं तांदळातला एक खडा शोधून काढला, बोटांत फिरवून बघितला आणि दाराबाहेर टाकला.

"मेलेल्याचं मत धरत्यात का, ते बघावं म्हटलं."